कडू, तुरट आणि चरचरीत: घरगुती बिटरच्या पाण्याचे आणि वायूचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लंडनच्या वायव्येला, चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातले आहे. तेथील नळाचे पाणी खडूच्या खडकात मुरून, विहिरींतून उपसून येते. केटलच्या तळाशी महिन्याभरात पांढरा थर साचतो आणि साबणाला फेस यायला वेळ लागतो. आपल्या शाळेच्या पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हणत, बोलण्यात आपण जड पाणी म्हणतो. ज्यांच्या बिअरविषयी हे लिहीत आहे ते गृहस्थ निवृत्त शिक्षक असून माझे शेजारी आहेत. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. चार वर्षे तयार डब्यातल्या माल्ट अर्कापासून (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली) बिअर केल्यानंतर त्यांनी अख्ख्या माल्टपासून एल, ही इंग्लिश पद्धतीची बिअर, करायला सुरुवात केली होती.

ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर घरी करण्यासाठी १९६३ पर्यंत परवाना लागत असे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ती अट काढून टाकण्यात आली. महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे मात्र ध्यानात ठेवावे की आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे पुढचा मजकूर कृती म्हणून नव्हे, तर पाण्याच्या रसायनाचा एक अनुभव म्हणून वाचावा.

त्यांना करायची होती ती बेस्ट बिटर: फिकट तांबूस रंगाची, फार तीव्र नसलेली, पबमध्ये हातपंपाने ओढून १२ अंश सेल्सियसच्या आसपास देतात तशी एल. चार किलो मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचे माल्ट, तीनशे ग्रॅम क्रिस्टल माल्ट, गोल्डिंग्ज आणि फगल हे दोन जुने इंग्लिश हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुले) आणि लवकर तळाशी बसणारे इंग्लिश यीस्ट अशी त्यांची जुळणी होती. एका खेपेला ३२ लिटर पाणी लागे. त्यातले ११ लिटर मॅशमध्ये, म्हणजे दळलेले माल्ट ६६ अंशांवर तासभर भिजवून त्यातल्या स्टार्चची साखर करून घेण्यात जाई आणि उरलेले २१ लिटर त्याच भरड्यावर सोडून राहिलेली साखर धुऊन काढण्यात. हाती सुमारे २३ लिटर बिअर येई. आरंभीची, म्हणजे आंबण्यापूर्वीची, घनता पाण्याच्या तुलनेत १.०४२ आणि हिशेबाचा कडूपणा ३२ एकक होता. जुळणीत काही खोट नव्हती, आणि शेवटपर्यंत तिला हात लावावा लागला नाही.

अडचण

पहिल्या तिन्ही खेपा बिघडल्या, आणि तिन्ही एकाच शब्दाने बिघडल्या. ते दर वेळी ‘हार्श’, म्हणजे जिभेला खरखरीत लागणारी, म्हणत.

पहिल्या खेपेनंतर त्यांनी हॉप्सना दोष दिला आणि दुसऱ्या खेपेत कडूपणा ३२ वरून २५ एककांवर आणला. बिअर मवाळ झाली नाही, फक्त हॉप्सचा वास गेला. जिभेवरचा रखरखीतपणा होता तिथेच राहिला. मग त्यांच्या वाचनात बर्टनचे पाणी आले. ट्रेंट नदीकाठच्या बर्टन गावात जमिनीखाली जिप्समचे थर आहेत, त्यामुळे तेथील विहिरींच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, आणि या पाण्याने फिकट एलला कोरडा, स्वच्छ कडूपणा येतो. १८२० च्या दशकापासून हिंदुस्थानात येणारी पेल एल याच गावची होती. या आधारावर त्यांनी तिसऱ्या खेपेच्या पाण्यात १५ ग्रॅम जिप्सम घातले आणि कडूपणा पुन्हा ३२ वर नेला. ही खेप तिन्हींत वाईट निघाली. बाटली उघडताच फेस ग्लासाबाहेर येई, पहिला घोट जिभेला टोचे, आणि गिळल्यावर बराच वेळ टाळू कोरडी पडल्यासारखी वाटे.

या टप्प्यावर ते माझ्याकडे आले. मी पाणी तपासण्याच्या कामातून निवृत्त झालो आहे आणि थोडीफार एल मीही करतो.

पहिला निर्णय: तक्रार नेमकी कोणती

माझी पहिली चूक येथेच झाली. गावचे पाणी मला ठाऊक असल्याने बिअर न चाखताच मी दोष सगळा पाण्याचा असल्याचे सांगितले आणि पाणीपुरवठा कंपनीचा अहवाल मागवायला लावला. अहवाल येईपर्यंत आठवडा गेला, आणि त्याच आठवड्यात जिन्याखालच्या कपाटात तिसऱ्या खेपेची एक बाटली फुटली. सुदैवाने तेव्हा जवळ कोणी नव्हते. उरलेल्या बाटल्या त्यांनी जाड हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये हलवल्या आणि पूर्ण गार झाल्यावर एकेकीचे झाकण सैल करून दाब काढला. फेस ग्लासाबाहेर येतो हे मी पहिल्या भेटीतच ऐकले होते. हे काम मी त्याच दिवशी सांगायला हवे होते.

त्यानंतर आम्ही एकत्र बसून ती बिअर चाखली. दोन घोटांतच माझ्या लक्षात आले की त्यांचा ‘हार्श’ हा एक शब्द निदान दोन वेगळ्या गोष्टींवर पांघरूण घालतो आहे. मराठीत मी ही बिअर एका शब्दात सांगितलीच नसती: पुढे ती चरचरीत होती, मध्ये कडू होती आणि शेवटी तुरट होती. कडू कारल्यासारखे आणि तुरट सुपारीसारखे, यांत आपली गल्लत होत नाही, कारण तुरट ही सहा रसांतली स्वतंत्र चव म्हणून आपण लहानपणापासून ओळखतो. त्यांना सुपारीची उपमा देऊन उपयोग नव्हता. मी विचारले, की शेवटी उरते ते फार वेळ मुरलेल्या चहासारखे आहे का? ते लगेच हो म्हणाले.

मुरलेला चहा म्हणजे टॅनिन. बिअरमध्ये टॅनिन जास्त उतरते ते माल्टच्या टरफलांतून, आणि मॅशचा किंवा धुण्याच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चढा असला की ते उतरते. पुढची चरचर मात्र टॅनिनची नसते. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जिभेवर आम्लासारखा टोचतो, आणि कडूपणाशी त्याची गाठ पडली की तो कडूपणाच बोचरा वाटू लागतो.

हा अंदाज तपासायला आम्ही एकच साधा प्रयोग केला. एकाच खेपेच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीतली बिअर दोन भांड्यांमध्ये पंधरा-वीस वेळा ओतून तिचा वायू घालवला, दुसरी तशीच ठेवली, आणि तापमान सारखे करून त्यांच्या पत्नीने तीन ग्लास असे भरून दिले की कोणत्यात काय आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. वायू गेलेल्या ग्लासात पुढचे टोचणे जवळजवळ नाहीसे झाले होते आणि माल्टची गोडी प्रथमच जाणवली, पण गिळल्यानंतरचा तुरटपणा जसाच्या तसा राहिला होता. म्हणजे दोष दोन होते, आणि यापैकी कोणताही एकच दुरुस्त केला असता तर ‘अजून हार्शच आहे’ असे म्हणून ते चौथ्या खेपेत पुन्हा हॉप्सकडे वळले असते.

पाण्याची तपासणी

अहवालात कॅल्शियम ११६, मॅग्नेशियम ५, सोडियम १८, सल्फेट ४२ आणि क्लोराइड ३८ असे आकडे होते, सगळे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. ज्या आकड्याची सर्वाधिक गरज होती तो, म्हणजे अल्कलिनिटी, त्यात नव्हता. एकूण जडपणा दिलेला असतो, पण जडपणा आणि अल्कलिनिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, तर अल्कलिनिटी मुख्यतः बायकार्बोनेटची, आणि मॅशमध्ये या दोघांची ओढ विरुद्ध दिशांना असते. कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून आम्लता मोकळी करते व सामू खाली आणते. बायकार्बोनेट ती आम्लता गिळून सामू वर धरून ठेवते. मत्स्यालयवाले वापरतात त्या थेंब-मोजणीच्या संचाने आम्ही अल्कलिनिटी मोजली. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने २३५ भरली.

जर्मन संशोधक पॉल कोलबाख यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या हिशेबाने कॅल्शियमचा आकडा १.४ ने आणि मॅग्नेशियमचा १.७ ने भागून अल्कलिनिटीतून वजा केला, की मॅशला प्रत्यक्षात सोसावी लागणारी, उरलेली अल्कलिनिटी मिळते. येथे ती २३५ वजा ८३ वजा ३, म्हणजे सुमारे १४९ आली. काळ्या भाजलेल्या माल्टच्या पोर्टरला, या गडद बिअरला, ती चालते, कारण काळे माल्ट स्वतःच आम्लधर्मी असते. लंडनचे नाव पोर्टरसाठी झाले त्यात तिथल्या अशाच पाण्याचा वाटा होता. फिकट बिटरला ती फार जास्त आहे.

येथे त्यांनी एक रास्त हरकत घेतली. त्यांनी तिसऱ्या खेपेत मॅशचा सामू मोजला होता आणि तो ५.४ आला होता, जो पुस्तकांप्रमाणे उत्तम आहे. मग तुरटपणा कसा? मी त्यांना मोजण्याची रीत विचारली. ते इलेक्ट्रोड थेट ६६ अंशांच्या मॅशमध्ये बुडवत होते. गरम मॅशचा सामू तोच नमुना थंड केल्यावर दिसतो त्यापेक्षा सुमारे ०.३ ने कमी दिसतो, आणि पुस्तकांतले ५.२ ते ५.५ हे आकडे बहुधा थंड नमुन्याचे असतात. यंत्रावर तापमानाची आपोआप दुरुस्ती असे लिहिलेले असते, पण ती इलेक्ट्रोडपुरती असते. द्रावणाच्या रसायनात उष्णतेने होणारा खरा बदल ती पुसून टाकत नाही. म्हणजे त्यांचा ५.४ हा प्रत्यक्षात ५.७ च्या आसपासचा होता, आणि तोही जिप्सममधल्या कॅल्शियमने थोडा खाली आणलेला. शिवाय धुण्याच्या २१ लिटर पाण्याची अल्कलिनिटी तशीच राहिली होती. भरड्यातली साखर संपत आली की सामू आवरून धरणारे फारसे काही उरत नाही, आणि तुरटपणा सर्वाधिक याच शेवटच्या पाण्यात उतरतो.

जिप्समने बिअर अधिक बिघडली त्याचाही उलगडा येथेच झाला. १५ ग्रॅममुळे सल्फेट ४२ वरून ३०० च्या वर गेले. सल्फेट कडूपणाला धार देते. बर्टनला ते चालते ते बाकीचे सगळे जुळलेले असते म्हणून. येथे मुळातला तुरटपणा तसाच ठेवून त्यावर धार लावली गेली.

पाण्यासाठी विचारात घेतलेले पर्याय

पाणी अर्धा तास उकळणे हा सर्वांत जुना उपाय. बायकार्बोनेट मोडते, खडू तळाशी बसतो, वरचे पाणी अलगद काढून घेता येते आणि अल्कलिनिटी ४० ते ५० पर्यंत उतरते. पण त्यासोबत कॅल्शियमही निम्म्याहून अधिक जाते, ते पुन्हा घालावे लागते, आणि ३२ लिटर पाणी दोनदा तापवणे त्यांच्या स्वयंपाकघरात एका दिवसात शक्य नव्हते. सुपरमार्केटमधले कमी क्षाराचे बाटलीबंद पाणी मिसळणे सोपे होते, पण दर खेपेला पंचवीस लिटर पाणी प्लॅस्टिकमधून विकत आणणे त्यांना पटेना. मलाही पटले नाही. बिटर सोडून पोर्टर करावी हा पर्याय मी मनापासून सुचवला होता, कारण पाण्याशी भांडण्यापेक्षा पाण्याला मानवेल ते करणे ही या देशातली जुनी रीत आहे. त्यांना बिटरच हवी होती.

राहिले आम्ल. ब्रिटनमध्ये घरी बिअर करणाऱ्यांसाठी हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचे सौम्य केलेले मिश्रण मिळते. त्याचे एक मिलिलिटर एका लिटरमागे सुमारे १८३ अल्कलिनिटी कमी करते आणि पाण्यात ६४ क्लोराइड व ८८ सल्फेट वाढवते. कॅल्शियम जागेवर राहते, आणि बिटरला हवे असलेले दोन्ही घटक आपोआप येतात. लॅक्टिक आम्लही चालले असते, पण एवढी जास्त अल्कलिनिटी मारायला ते इतके लागले असते की त्याची चव बिअरमध्ये उतरली असती.

वायूचा हिशेब

पूर्वीच्या डब्यांवरच्या सूचनांच्या सवयीने ते ५०० मिलिलिटरच्या प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर घालत. चमचा तराजूवर टाकला तेव्हा साखर सरासरी ४ ग्रॅम भरली, म्हणजे लिटरमागे ८ ग्रॅम. साधारण ३.९ ग्रॅम साखरेतून एका लिटरमध्ये एक व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये ०.८५ व्हॉल्यूम आधीच विरघळलेला असतो. दोन्ही मिळून २.९ झाले. बाटलीतल्या ब्रिटिश एलला १.८ ते २.२ पुरते, आणि पिंपातल्या एलला तर १.१ ते १.३.

पण २.९ ने सुदृढ बाटली फुटत नाही. त्यांची नोंदवही पाहिल्यावर दिसले की तिसरी खेप सातव्या दिवशी, घनता १.०१३ असताना भरली होती. वायू काढून टाकलेल्या बाटलीत ती आता १.०११ होती. घातलेल्या साखरेच्या अल्कोहोलने होणारी किंचित घट सोडली तरी आंबणे निदान एका अंकाने, म्हणजे ०.००१ ने, अपुरे होते, आणि घनतेचा एक अंक म्हणजे सुमारे अर्धा व्हॉल्यूम. एकूण ३.४ च्या घरात. हे इंग्लिश यीस्ट लवकर गोळा होऊन तळाशी बसते. बिअर नितळ दिसते आणि काम संपले असे वाटते, पण संपलेले नसते. पुढे बाटलीत, उबदार कपाटात, तेच यीस्ट हळूहळू पुन्हा कामाला लागते.

प्रत्यक्ष कृती

चौथ्या खेपेत आम्ही पहिल्याच खेपेची जुळणी ठेवली: तेच माल्ट, तेच हॉप्स, कडूपणा ३२. सर्व ३२ लिटर पाण्यात, म्हणजे धुण्याच्या पाण्यातसुद्धा, लिटरमागे १.१ मिलिलिटर या हिशेबाने ३५ मिलिलिटर आम्ल घातले. हे काम चष्मा आणि हातमोजे घालूनच केले. ढवळून, निघणारा वायू जाऊ देऊन अल्कलिनिटी पुन्हा मोजली, ती ३५ आली. क्लोरीन घालवण्यासाठी अर्धी मेटाबायसल्फाइटची गोळी ते आधीपासून घालत होते, ती चालू ठेवली. जिप्सम घातले नाही. आता पाण्यात सल्फेट सुमारे १४० आणि क्लोराइड ११० होते. थंड केलेल्या नमुन्याचा सामू ५.४५ आला.

पाचव्या दिवशी यीस्ट बसू लागल्यावर हवा न मिसळता हलकेच ढवळून ते उठवले आणि तापमान २० अंशांवर राखले. घनता तीन दिवसांच्या अंतराने दोनदा १.०११ मिळाल्यावरच, चौदाव्या दिवशी, बाटल्या भरायला घेतल्या. बिअर दोन भांड्यांत विभागली. अकरा लिटरमध्ये ४५ ग्रॅम साखर उकळत्या पाण्यात विरघळवून घातली, ज्याने १.९ व्हॉल्यूम मिळतो. उरलेल्या अकरा लिटरमध्ये जुन्या मापाने ८८ ग्रॅम. या दुसऱ्या निम्म्याविषयी त्यांचा आग्रह होता आणि मी साशंक होतो. आंबणे पुरते झाल्याची खात्री असल्याने आणि बाटल्या जाड काचेच्या निवडल्याने मी मान्य केले. आता वाटते, त्यांचेच बरोबर होते, कारण या निम्म्यावाचून पाण्याचा परिणाम वेगळा दिसलाच नसता.

परिणाम

चार आठवड्यांनी पुन्हा तीन ग्लास, पुन्हा न सांगता भरलेले. जास्त साखरेच्या बिअरमध्ये पुढची चरचर होती, पण मागचा तुरटपणा कोठेच नव्हता. कमी साखरेच्या बिअरमध्ये दोन्ही नव्हते. कडूपणा ३२ एककांचाच होता, पहिल्या खेपेइतकाच, आणि तो आता हॉप्सचा म्हणून ओळखू येत होता. गोल्डिंग्जचा मातकट, किंचित मधासारखा वास त्यांना स्वतःच्या बिअरमध्ये पहिल्यांदाच आला.

पाचव्या खेपेतली दहा लिटर बिअर त्यांनी पॉलीपिनमध्ये, म्हणजे बिअर काढावी तशी आकसत जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीवजा पिंपात भरली. तिच्यात अवघी १४ ग्रॅम साखर घातली, म्हणजे १.२ व्हॉल्यूम. १२ अंशांवर काढलेली ही एल पबमधल्या हातपंपाच्या एलच्या सर्वांत जवळ गेली. इतक्या कमी वायूत पाण्याचा दोष लपत नाही, तसाच पाण्याचा गुणही लपत नाही.

याच खेपेत एक गफलत मात्र झाली. पाणी पुन्हा न मोजता मागच्याच मापाने ३५ मिलिलिटर आम्ल घातले गेले. कंपनीने मधल्या काळात वेगळ्या विहिरीचे पाणी मिसळले असावे. नंतर मोजली तेव्हा अल्कलिनिटी जेमतेम ५ उरली होती. मॅशचा सामू ५.४ च्या जरा खाली आला, बिअरला अपाय झाला नाही, पण पाणी आणखी थोडे हलके असते तर उरलेले आम्ल थेट बिअरमध्ये गेले असते.

वेगळे काय करता आले असते

हॉप्स कमी करण्याचा पहिला निर्णय मला सर्वांत महागडा वाटतो, कारण त्याने एक खेप गेली आणि उत्तरही मिळाले नाही. वायू घालवून चाखण्याचा प्रयोग दहा मिनिटांचा होता आणि तो पहिल्या बाटलीवरच करता आला असता. जिप्समचा निर्णयही मोजण्याआधी घेतला गेला. घालायचेच होते तर ग्लासातल्या बिअरमध्ये जिप्समच्या आणि कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाचे थेंब वेगवेगळे टाकून आधी चव पाहता आली असती. ते आम्ही नंतर केले, आणि त्यांना थोडे क्लोराइड वाढवलेला, जरा भरलेला ग्लास अधिक आवडला. मला सल्फेटचा आवडला. यावर आमचे एकमत झालेले नाही.

आता प्रत्येक खेपेच्या आदल्या संध्याकाळी ते थेंब-मोजणी करतात आणि आकडा तारखेसह केटलशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवतात. गेल्या मोजणीत तो पुन्हा २२८ होता.